डोरोथीच्या बाजूची खिडकी

पन्हळीला लोंबणारे बर्फाचे सुळे बघून येणारे-जाणारे थांबतात आणि फोटो काढतात. काढा बापडे. मिशिगनमधल्या ॲन आर्बरच्या या जुन्या घरांच्या गल्लीत राहणाऱ्या माणसाला विचारा ते सुळे म्हणजे काय ते. छपरावरचा बर्फ खालून ऊब लागून वितळतो, घसरत कडेला येतो, तिथे पुन्हा गोठतो आणि त्याचा बांध होतो. मग मागून येणारं पाणी बाहेर जात नाही, छपरावरच्या डांबरी पट्ट्यांच्या, म्हणजे शिंगल्सच्या, खालून घरात येतं. गल्लीतल्या बाकीच्या घरांना हातभर सुळे असायचे. आमच्या घराला पुरुषभर. आणि मी मेली दर हिवाळ्यात म्हणायची, यंदा थंडी फार आहे.

फेब्रुवारीत एका सकाळी जेवणाच्या टेबलावर टपटप सुरू झालं. मी पातेलं ठेवलं. दुपारी दुसऱ्या कोपऱ्यात परात ठेवली. पाणी स्वच्छ असतं तर एक वेळ सोडून दिलं असतं, पण ते चहासारखं तपकिरी होतं आणि छताच्या रंगाला फोड आला होता. मी वर बघत उभी राहिले. पाण्याची भीती नव्हती. भीती होती ती मी नकुलला दिलेल्या शब्दाची.

नकुल आमचा मुलगा. तिकडे ॲरिझोनात, चँडलरला, कॉम्प्युटरच्या चिप्सच्या कंपनीत आहे. दिवाळीला आला होता तेव्हा रोज सकाळी चहाबरोबर एकच रेकॉर्ड लावायचा. आई, घर शंभर वर्षांचं आहे. आई, बाबांना असं झालंय. आई, आमच्याकडे बर्फ नाही. शेवटी वैतागून मी म्हटलं, "हे बघ, छप्पर गेलं तर मी मुकाट्याने येते. नाही गेलं तर हा विषय पुन्हा काढायचा नाही." तो लगेच म्हणाला, "डील." मी मनात हसले होते. कारण आमचं छप्पर म्हणजे काय चेष्टा नव्हती. माझे यजमान देवदत्त मेकॅनिकल इंजिनियर, आणि त्यातून हौशी. दर ऑक्टोबरला हा माणूस शिडी लावून वर चढायचा, सैल शिंगल ठोकायचा, फटीत डांबर भरायचा, पन्हळीतली पानं उपसायचा. बाहेरून जेवढं जपता येतं तेवढं त्यांनी ते छप्पर जपलं होतं.

दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि शिडी गॅरेजमध्ये गेली. उजवी बाजू लुळी पडली, शब्द अडकायला लागले. पण या घरात ते चालतात. डावा हात भिंतीला लावायचा आणि निघायचं. पलंग, मग चौकट, मग पॅसेज, मग बाथरूम. भिंत कुठे संपते, खुंटी कुठे येते, हाताला सगळं पाठ आहे. मागे आठवडाभर नकुलकडे जाऊन राहिलो होतो. तिथे सगळं मोकळं, ओपन प्लॅन म्हणे. हा माणूस त्या मोठ्या खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि हात नुसता हवेत धरून रडायला लागला. लग्न झाल्यापासून मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशी मी ठरवलं की यांना या भिंतींपासून हलवायचं नाही, मग कोणी काहीही म्हणो.

म्हणून मी नकुलला फोन न करता निधीला केला.

निधी आमच्या मराठी मंडळातल्या अरुण आणि शोभनाची मुलगी. इथेच जन्मलेली. चांगली इंजिनियरिंगची डिग्री घेऊन तिने जुन्या घरांची छपरं दुरुस्त करायचा धंदा काढला. शोभना लोकांना सांगते, "ती कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंटमध्ये आहे." मी एकदा तोंडावर म्हटलं होतं, "अगं, छपरं करते म्हण की, चोऱ्या करते का ती?" तेव्हापासून शोभना माझ्याशी जरा जपूनच बोलते. निधी मात्र आमच्याकडे हक्काने जेवायला येते.

ती दुसऱ्या दिवशी ट्रक घेऊन आली. वाफेच्या मशीनने कडेचा बर्फ कापला, पाण्याला वाट करून दिली. टपटप थांबलं. मी आलं घालून चहा टाकला आणि मनात म्हटलं, सुटलो. निधी आत आली, नाक लाल, हात कपाभोवती.

"काकू, हे टेम्पररी आहे हां. वर हीट कुठून येतेय ते बघायला लागेल. ॲटिकचा दरवाजा कुठे आहे?"

"पोटमाळ्याचा ना? बेडरूमच्या कपाटात. वरती झाकण आहे. हेच जायचे, मी काही कधी चढले नाही."

"नको," देवदत्त म्हणाले.

आम्ही दोघींनी वळून पाहिलं. ते खुर्चीतून उठले, हात भिंतीला लावला आणि निघाले. पॅसेज, चौकट, बेडरूम. कपाटासमोरची खुर्ची ओढली आणि दाराला पाठ लावून बसले, पहारेकऱ्यासारखे.

"अहो, हे काय चाललंय?"

"वर... काही नाही."

"काही नाही तर बघू दे की तिला. ताटात पाणी पडतंय आपल्या."

"शिंगल," ते म्हणाले. "बाहेरून... कर."

निधी खाली बसली, त्यांच्या गुडघ्यापाशी. "काका, शिंगल्स आर फाइन. तुम्ही मस्त ठेवलेत. प्रॉब्लेम आतून आहे."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, झालं, डोक्यानेही साथ सोडली आता. रागही आला, दयाही आली, आणि दोन्ही एकदम आलं की माझा आवाज चढतो. "उठा बघू. पोरगी सकाळपासून बर्फात उभी आहे. हट्ट करायचं वय आहे का हे?" मी त्यांच्या काखेत हात घालून त्यांना उठवलं. त्यांनी जोर केला नाही. फक्त माझ्याकडे बघून म्हणाले, "सुमा, नको ना." इतक्या केविलवाण्या आवाजात की मी क्षणभर थांबले. पण थांबून काय करणार होते?

निधी वर गेली. आम्ही पलंगावर शेजारी शेजारी बसलो आणि तिची पावलं डोक्यावरून इकडून तिकडे जाताना ऐकली. स्वयंपाकघराच्या बाजूला ती बराच वेळ थांबली. काहीतरी टोचल्याचा आवाज आला. पुन्हा टोचलं. मग काहीतरी ओढून काढल्यासारखा आवाज. ती शिडीवरून उतरली तेव्हा तिच्या काखेत निळं, काळं पडलेलं कसलंतरी गाठोडं होतं.

"काकू," ती म्हणाली, "वर हिंगाचा वास येतोय."

मी हसले. मला खरंच हसू आलं.

ती हसली नाही. "तुमचा चुलीवरचा फॅन कुठे जातो, माहितीये?"

"छपरातून बाहेर. पूर्वी भिंतीतून जायचा, पण तो नीट ओढत नव्हता. ह्यांनी वरून काढला. नकुल शाळेत होता तेव्हा."

"बाहेर नाही जात. नळी ॲटिकमध्ये येते आणि तिथेच संपते. छपराला होल नाहीच आहे." तिने फोन पुढे केला. फोटोत वासे दिसत होते, तूप माखल्यासारखे पिवळे आणि चिकट. त्यावरच्या फळ्या काळ्या. "कुकरची वाफ, फोडणी, तळण, सगळं इतकी वर्षं तिथे जाऊन बसलंय. त्याच हीटने बर्फ वितळतो. वुड सगळं गेलंय, काकू. मी स्क्रूड्रायव्हर लावला तर आत गेला."

चहात बुडवलेल्या खारीत बोट जावं तसा, हे मी फोटोत पाहिलं.

"आणि हे हवा जायच्या व्हेंटच्या जाळीत कोंबलं होतं. त्या बाजूच्या." तिने गाठोडं खाली ठेवलं. ती झोपायची पिशवी होती, कॅम्पला नेतात तसली. कडेला मार्करने नाव होतं, नकुल. ही पिशवी हरवली म्हणून मी त्या पोराला किती बोलले होते. तो शपथा घेऊन सांगत होता की आई, मी घरी आणली होती.

देवदत्त पिशवीकडे बघत नव्हते. ते खिडकीबाहेर बघत होते.

निधी ट्रककडे निघाली तेव्हा मी तिला पोर्चवर गाठलं. अंगावर नुसती शाल होती. मला जे म्हणायचं होतं ते मी आयुष्यात कोणाला म्हटलं नव्हतं.

"निधी, मंडळातून नकुलच्या कानावर जाईलच, मग तो तुला फोन करेल. त्याला सांग, छप्पर ठीक आहे. थोडं काम आहे, उन्हाळ्यात करू."

"काकू."

"तुला माहितीये ना, काका तिथे चालूसुद्धा शकत नाहीत. तू पाहिलेलं नाहीस, मी पाहिलंय. उन्हाळ्यापर्यंत तर सांभाळ. मी पाया पडते तुझ्या."

ती घाबरली. तिने माझे दोन्ही हात धरले. तिचे हातमोजे ओले होते. "काकू, या वीकेंडला अजून स्नो आहे, खूप. बेडरूमच्या वरचाच वासा सगळ्यात खराब आहे. तुम्ही दोघं त्याच्याखाली झोपता. आय कान्ट. मला झोप नाही लागणार." आणि ती रडायला लागली. छपरावर दिवसभर उभी राहणारी मुलगी माझ्या पोर्चवर मुसमुसून रडली. मग मी तिलाच समजावत बसले. कर्म माझं.

निधीकडून कळल्यावर नकुलने संध्याकाळी फोन केला. मला वाटलं होतं, आता हा म्हणेल, बघ, मी सांगत होतो. तसलं काही नाही. म्हणाला, "आई, शनिवारच्या आधीची तिकिटं बघतो. मेमध्ये निधी रूफ करेल. मग घराचं बघू." घराचं बघू म्हणजे काय ते मला कळलं. मी हो म्हटलं. शब्द दिला होता ना.

फोन ठेवला आणि मी वळले. देवदत्त दिवाणखान्यात होते. निधीने आम्हाला बेडरूममध्ये झोपायची बंदी केली होती, म्हणून सोफ्यावर पांघरुणं टाकली होती. मी समोर खुर्ची घेऊन बसले.

"आता सांगा."

त्यांना वेळ लागतो. एकेक शब्द विहिरीतून काढल्यासारखा येतो. आधी मी मदत करायची, शब्द पुरवायची. त्या दिवशी नाही पुरवला. बसू दे धडपडत, म्हटलं.

"डोरोथी," ते म्हणाले.

डोरोथी आमची शेजारीण. तिची स्वयंपाकघराची खिडकी आणि माझी समोरासमोर, मध्ये तिचं अंगण आणि कपडे वाळत घालायची दोरी. दर शरद ऋतूत ती ॲपल पाय घेऊन यायची, दिवाळीला मी चकल्या द्यायची. मला ती आवडायची.

"काय डोरोथी?"

"पहिल्या... उन्हाळ्यात. चादरी. तिच्या. वास... लागायचा."

"तुम्हाला म्हणाली ती?"

मान डोलली. बाकीचं तुकड्यातुकड्याने कळलं. कुंपणापाशी, हळू आवाजात, फार संकोचून म्हणाली होती म्हणे. की तुमच्या फॅनचं तोंड माझ्या दोरीवर येतं, चादरी पुन्हा धुवाव्या लागतात. तिची काही चूक नव्हती. ह्यांनी त्याच शनिवारी ती नळी भिंतीतून काढून वर वळवली. छपरातून काढली तर वारा वास पुन्हा खालीच आणेल, म्हणून भोक पाडलं नाही. जाळीतूनही जाईल, म्हणून त्या बाजूची जाळी बुजवली. आणि मला येऊन सांगितलं, आता मस्त ओढेल बघ.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "म्हणजे माझी लाज वाटली. सरळ सांगा ना. बायको घरभर वास करते, लोकांच्या चादरी नासवते. एका शब्दाने बोलला असतात तर मी फॅनचं काय, फोडणीचं तोंडसुद्धा पाहिलं नसतं."

"म्हणून," ते म्हणाले.

"म्हणून काय?"

त्यांनी डोळे मिटले. ओठ हलत होते, शब्द येत नव्हता. मग आला. "तू... गात होतीस."

मला कळेना.

"खिडकी... उघडी. फोडणी. गात होतीस. सांगितलं असतं... तर बंद."

या घराच्या आधी आम्ही अपार्टमेंटमध्ये होतो. तिथे मी दाराच्या फटीला टॉवेल लावून स्वयंपाक करायची. समोरची बाई शनिवारी बाहेर गेली की पटकन मासळी करून घ्यायची, वर स्प्रे मारायची, आणि लिफ्टमध्ये कोणी भेटलं की स्वतःच्या कोटाचा वास घ्यायची. या घरात आल्यावर पहिल्या दिवशी मी खिडकी उघडून फोडणी टाकली. आपलं घर, आपली चूल. कोणाच्या बापाचं काय जातं? मंडळात नवी मुलगी आली आणि तिने विचारलं की काकू, नेबर्सना वास येतो का हो, तर मी म्हणायची, "अगं, सगळे मनाचे खेळ. मी इतकी वर्षं दणकून फोडण्या टाकते, मला कोणी एक शब्द बोललं नाही." कितीजणींना मी हे ज्ञान पाजळलं असेल. सगळ्या म्हणायच्या, सुमित्राकाकू बाई बिनधास्त.

मी बिनधास्त होते, कारण माझा सगळा वास हा माणूस आमच्याच डोक्यावर साठवत होता.

"आणि डोरोथी गेल्यावर?" मी विचारलं. माझा आवाज आता खाली आला होता. डोरोथी जाऊन बरीच वर्षं झाली. तिच्या मुलाने घर विद्यार्थ्यांना भाड्याने दिलंय, दोरी तर केव्हाच तुटली. "ती गेल्यावर तरी नळी काढायची होतीत. कोण उरलं होतं?"

त्यांनी डाव्या हाताने पांघरूण गुडघ्यावर ओढलं.

"राहिलं," ते म्हणाले.

बस, एवढंच. लोक म्हणतील, किती प्रेमाने केलं. निधी तसंच म्हणाली, डोळे पुसत. असेल प्रेमाने. पण प्रेमाने केलं म्हणून वासे कमी कुजत नाहीत. मला राग आला होता आणि तो अजून आहे. ज्या भिंतीला धरून हा माणूस चालतो ती त्याने स्वतःच्या हाताने घालवली, आणि तीही माझ्यासाठी, म्हणजे बोलायची सोय नाही. दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले. गोळ्या घ्या. पाय उचला. पाणी हवंय का?

निधीने बेडरूममध्ये खांब लावले, छपरावर ताडपत्री टाकली आणि चुलीवरचा फॅन अजिबात लावू नका म्हणून बजावलं. मी बॅगा भरल्या. निघायच्या दिवशी दुपारी विमान होतं, तर सकाळी म्हटलं, जेवून निघू. भात लावला, डाळ शिजवली. मग स्वयंपाकघराची खिडकी उघडायला गेले. डोरोथीच्या बाजूची. ती थंडीने आखडली होती. तळहाताने ठोकत ठोकत वर सरकवली, आणि बर्फाचा वारा कट्ट्यावर आला.

कढईत तेल चांगलं तापू दिलं. मोहरी, हिंग, कढीपत्ता, आणि सुक्या मिरच्या जरा जास्तच. सगळा धूर खिडकीतून बाहेर गेला. पलीकडे डोरोथीच्या अंगणात एक विद्यार्थी गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होता. त्याने मान वर केली, खोकला, आमच्या खिडकीकडे बघितलं आणि पुन्हा खरवडायला लागला. त्याला काही सोयरसुतक नव्हतं त्याचं. मी गायचा प्रयत्न केला. आवाज फुटेना.

"सुमा," बाहेरच्या खोलीतून देवदत्त म्हणाले. "खिडकी."

"असू दे."

"वास."

"जाऊ दे बाहेर. एकदा तरी जाऊ दे."

मग मला त्यांचा हात ऐकू आला. भिंतीवरून घासत येणारा. पॅसेज, चौकट, फ्रिजची बाजू. ते कट्ट्यापाशी आले, माझ्याकडे बघितलं नाही. डाव्या हाताने खिडकी खाली ओढली. ती अडकली. पुन्हा ओढली, सगळं अंग टाकून, आणि ती बसली. मग त्याच हाताने त्यांनी चुलीवरच्या फॅनचं बटण चाचपलं, न बघता, आणि लावलं.

फॅन घुमायला लागला. धूर वर निघाला, नेहमीच्या वाटेने.

माझे दोन्ही हात धड आहेत. मी खिडकी पुन्हा उघडू शकले असते, फॅन बंद करू शकले असते. ते भिंतीला हात टेकून उभे होते, दम लागला होता, आणि तोंडावर काम झाल्याचं समाधान होतं. नकुलच्या स्वयंपाकघराला खिडकीच नाही, भिंतही एकच आहे. मी डाळीवर फोडणी ओतली, झाकण ठेवलं आणि त्यांचं पान वाढलं.